मृगातल्या थंड धुळीचा नकाशा

धुळीला आपल्या बोलीत फारसा मान नाही. कुस्तीत हरलेल्याला धूळ चारली असे आपण म्हणतो, फसवणुकीला धूळफेक म्हणतो, आणि एखादे राज्य बुडाले की ते धुळीला मिळाले असे इतिहासात लिहितो. थोरामोठ्यांना घरी बोलावताना ‘एकदा पायधूळ झाडा’ म्हणतो, तेवढाच काय तो तिचा गौरव. पण आज ज्या धुळीची हकीकत सांगायची आहे ती शेतातली नव्हे आणि सडकेवरचीही नव्हे. ती आकाशात, ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. ती इतकी थंड आहे की तिच्यापुढे हिमालयातले बर्फ म्हणजे चुलीतला निखाराच म्हणायचा. आणि गंमत अशी की, डोळे दिपवणारे तारे जन्माला येतात ते याच गोठलेल्या धुळीच्या पोटात.

या धुळीचा नकाशा काढण्याच्या कामात मुंबईच्या एका संस्थेने मोठा वाटा उचलला. त्या कामाची एक दुर्बीण फुग्याला टांगून आकाशात जात असे आणि पहाटे किंवा सकाळी कुणाच्या तरी रानात उतरत असे. म्हणून ही हकीकत खेड्यांतल्या श्रोत्यांच्या व शिक्षकांच्या कानांवर घालावी असे वाटते.

आधी मृग नक्षत्र डोळ्यांपुढे आणू या. शेतकऱ्याला मृग नव्याने सांगायला नको. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो आणि सगळ्यांच्या माना आभाळाकडे वळतात. पण मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. त्यामुळे त्या दिवसांत ते नक्षत्र स्वतः दिसत नाही. ते पाहायचे तर पौष-माघातल्या थंडीत, रात्री आठ-नऊच्या सुमारास. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय. पोटात एका ओळीत तीन तारे, तो व्याधाने मारलेला बाण. आणि बाणाच्या रेषेत पुढे गेले की झगझगीत व्याध स्वतः उभा. या बाणाच्या दक्षिणेच्या अंगाला आणखी तीन मंद ठिपके आहेत. त्यांतला मधला नीट पाहिला तर ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही. फुंकर मारलेल्या राखेसारखा धुरकट दिसतो. तो मृगातला तेजोमेघ. आपल्यापासून तो सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तिथे या घटकेलाही नवे तारे घडत आहेत.

वाकडसारख्या गावी हा ठिपका आता सहजी दिसत नाही. म्हातोबाच्या देवळाभोवती जिथे शेतं होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. एका अंगाला हिंजवडीचे आणि दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवडचे दिवे रात्रभर जळतात. चाकण मागे टाकून खेड, मंचर, नारायणगाव असे वर गेले आणि सडकेपासून थोडे आत शिरले, तर डोळ्यांना तो ओळखू येतो. पण आपल्याला पाहायची आहे ती धूळ मात्र गडद अंधारातही डोळ्यांना दिसणारी नाही. दिसते ती फक्त तिची सावली.

ही सावली प्रथम बारकाईने पाहिली ती विल्यम हर्शेल यांनी. हे मूळचे जर्मन. पोटासाठी इंग्लंडात येऊन संगीत शिकवीत आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणी लावून बसत. अठराव्या शतकाच्या अखेरीस आकाशाची मोजदाद करताना त्यांना ताऱ्यांनी गच्च भरलेल्या भागात मधेच काळी, रिकामी भोके आढळली. जोंधळ्याच्या भरल्या शेतात मधेच एक चौकोन उजाड असावा, तसे ते दिसे. तिथे तारेच नसावेत, असे तेव्हा वाटणे साहजिक होते. पुढे अमेरिकेत बर्नार्ड यांनी अशा काळ्या डागांची छायाचित्रे घेतली आणि १९१९ साली त्यांची यादी छापली. १९३० साली ट्रम्पलर यांनी दूरच्या तारकापुंजांची मोजमापे घेऊन दाखवून दिले की ताऱ्यांच्या मधल्या जागेत प्रकाश अडवणारी धूळ खरोखरच पसरलेली आहे. म्हणजे ती भोके नव्हतीच. ते पडदे होते. तारे त्यांच्या मागे होतेच.

या धुळीचे कण आपल्या रस्त्यावरच्या धुळीहून फार बारीक असतात. त्यांची बरोबरी करायची तर चुलीच्या धुराशी करावी. त्यांत वाळूच्या जातीचे खनिज असते, काजळीच्या जातीचा कार्बन असतो, आणि फार थंड जागी कणांवर बर्फाचा पातळ लेप चढलेला असतो. ही धूळ वायूच्या प्रचंड ढगांत मिसळलेली आहे. वजनाने पाहिले तर शंभर भाग वायूला एक भाग धूळ, असे साधारण प्रमाण पडते. पण हा शंभरातला एक भागच बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवून ढगाचे पोट थंड ठेवतो. ढग थंड असला तरच तो स्वतःच्या वजनाने आत आत दाबला जातो आणि त्याची गाठ बनते. गरम वायू फुगतो, पसरतो. थंड वायू आवळला जातो. म्हणून ताऱ्याच्या जन्माची खोली म्हणजे आकाशातल्या अतिशय थंड जागांपैकी एक. ती कुठे आहे, किती थंड आहे आणि तिथे माल किती साठला आहे, हे कळले तरच तारे कसे जन्मतात हे कळेल.

पण अंधाऱ्या खोलीतली थंड वस्तू दिसायची कशी? याचे उत्तर लोहाराच्या भट्टीपाशी मिळते. भट्टीतून काढलेला लोखंडाचा तुकडा आधी पिवळाधमक असतो, मग तांबडा होतो, मग काळा पडतो. काळा पडला म्हणून त्याला हात लावणारा पोळतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तो तुकडा काळा झाला तरी किरण टाकीतच असतो. ते किरण डोळ्यांच्या आवाक्याबाहेर गेलेले असतात एवढेच. त्यांना अवरक्त किरण म्हणतात, आणि त्यांचा शोध लावला तोही हर्शेल यांनीच. १८०० साली त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. ज्या माणसाने आकाशातली काळी भोके पाहिली, त्यानेच त्यांच्या आत डोकावण्याचा दिवाही शोधून ठेवला होता. मात्र या दोन शोधांची गाठ पडायला पुढे पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

इतका उशीर का लागला? कारण वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या किरणांची लहर लांब. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस. त्याच्या मुख्य लहरीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याचाही निम्मा भाग. आपल्या अंगाची ऊब ज्या लहरींनी बाहेर पडते ती मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. आणि ढगातली धूळ, जिचे तापमान शून्याखाली २५८ अंश, तिची मुख्य लहर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी लांब. मिलिमीटरहून थोड्या आखूड अशा या लहरींच्या पट्ट्याला उपमिलिमीटर पट्टा म्हणतात, आणि त्याला लागून असलेल्या आणखी आखूड लहरींच्या पट्ट्याला दूर-अवरक्त. थंड धूळ बोलते ती या दोन पट्ट्यांच्या सीमेवर.

आणि नेमका इथेच आपला पाऊस आडवा येतो. हवेतले बाष्प या लहरी गिळून टाकते. शेतकरी ज्या बाष्पाची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो, तेच या कामात शत्रू ठरते. मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर ही लहर आकाशातून खाली येऊच शकत नाही. दख्खनच्या पठारावरही येत नाही. मग उपाय काय? एक म्हणजे उंच, कोरड्या डोंगरावर चढावे. हवाई बेटांत मौना केआ डोंगरावर चार हजार मीटरहून अधिक उंचीवर १९८७ साली पंधरा मीटर व्यासाची जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बीण सुरू झाली ती याच कारणासाठी. दुसरा उपाय विमानाचा. अमेरिकेने १९७४ ते १९९५ पर्यंत कायपर नावाची उडती वेधशाळा चालवली. तिसरा उपग्रहाचा, १९८३ साली ‘आयरास’ उपग्रहाने दहा महिने सगळे आकाश अवरक्त किरणांत पाहिले. मात्र त्याची सर्वांत लांब लहर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापाशी संपत होती. त्यामुळे कोमट धूळ त्याला छान दिसली, पण अति थंड धूळ बरीचशी निसटली.

आपल्या देशापाशी त्या काळी असा डोंगरावरचा दुर्बिणीचा तळ नव्हता, तशी विमाने नव्हती, आणि असला उपग्रह परवडणारा नव्हता. होता तो फुगा, आणि फुगे उडवण्याचा दांडगा अनुभव. होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली, तेव्हापासून विश्वकिरण मोजण्यासाठी तिथली मंडळी उपकरणे फुग्यांना टांगून वर पाठवीत आली होती. पुढे १९७० च्या आसपास हैदराबादेला फुगे उडवण्याचे कायमचे केंद्र उभे राहिले. या फुग्यांचे प्लॅस्टिक कागदाहूनही पातळ. त्यात हायड्रोजन भरतात. जमिनीवर तो अर्धामुर्धा, लोंबता दिसतो. वर हवा विरळ झाली की फुगत फुगत डोंगराएवढा होतो आणि शेकडो किलोंचे ओझे तीस-एकतीस किलोमीटर उंचीवर नेऊन पोचवतो. तिथे हवेचा शेकडा ९९ हिस्सा पायाखाली राहिलेला असतो, आणि बाष्प तर नावालाच उरते.

मुंबईच्या या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण या फुग्याखाली टांगायची ठरवली. श्याम टंडन, टी. एन. रंगराजन, आर. पी. वर्मा, स्वर्ण कांती घोष ही या कामातली ठळक नावे. त्यांच्यामागे यंत्रे घडवणारे, तारा जोडणारे आणि फुगे सोडणारे अनेक कुशल हात होते. १९८० च्या दशकापासून ही दुर्बीण उड्डाणे करू लागली. काम किती नाजूक होते ते थोडे समजावून घेतले पाहिजे, कारण या गोष्टीचा खरा कस तिथेच लागतो.

पहिली अडचण नेम धरण्याची. फुग्याखाली टांगलेली दुर्बीण म्हणजे विहिरीत सोडलेला पोहरा. तो झुलणार आणि गरगरणारही. ओळखीच्या ताऱ्यावर नजर ठेवणारे उपकरण आणि मोटारी यांच्या साह्याने तिला क्षणोक्षणी सावरावे लागे. खालून रेडिओने हुकूम द्यायचे, आणि वरून येणारी माहिती खाली टिपून घ्यायची.

दुसरी अडचण थंडीची. किरण मोजणारा तापमापक स्वतःच गरम असेल तर त्याला थंड धुळीची चाहूल लागणार नाही. ज्याचा स्वतःचा हात तापलेला आहे त्याला दुसऱ्याचा ताप कसा कळावा? शून्याखाली २७३ अंशांच्या पलीकडे थंडी नाही, असे विज्ञान सांगते. या दुर्बिणीत पुढे जे बारा तापमापक बसवले ते द्रवरूप हेलियमच्या एका दुर्मिळ जातीने त्या अखेरच्या थंडीपासून अवघ्या तीन दशांश अंशापर्यंत गार केलेले होते. बारांपैकी सहा एका लहरीसाठी, सहा दुसऱ्या लहरीसाठी.

तिसरी अडचण सर्वांत चिवट. धुळीहून दुर्बीणच कितीतरी गरम. ती स्वतःच किरण टाकणार. वरची उरलीसुरली हवाही टाकणार. त्या गोंगाटात धुळीचे कुजबुजणे ऐकायचे कसे? इथे वाण्याची युक्ती कामाला आली. वाणी तेल तोलताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो आणि मगच तेल ओततो. तसेच इथे लहान आरसा सेकंदाला दहा वेळा हलवीत. एकदा धुळीकडे, एकदा शेजारच्या रित्या आकाशाकडे. दोहोंची वजाबाकी केली की दुर्बिणीची स्वतःची ऊब धड्यासारखी निघून जाई आणि धुळीचे खरे माप उरे. आणि मापाला प्रमाण वजन हवे, म्हणून त्यांनी गुरू ग्रह वापरला. गुरूचे तेज नीट मोजलेले आहे. त्याला आधी तोलायचे आणि त्याच्या हिशेबाने बाकीचे.

असा सगळा सरंजाम सिद्ध झाला की मग नकाशा. दुर्बीण एका वेळी चंद्रबिंबाच्या रुंदीचा साधारण विसावा भाग पाही. शेत नांगरताना बैल जसे एक तास ओढून दुसऱ्या तासाला लागतात, तशी ती आकाशाच्या त्या तुकड्यावरून एकेक पट्टा ओढीत जाई. रात्र सरेपर्यंतचे काही तासच हाताशी असत. तेवढ्यात ढग आटोपायचे, गुरू आटोपायचा, आणि काही बिघडले तर ते वर जाऊन दुरुस्त करण्याची सोय नाही.

या उड्डाणांतून मृगातल्या धुळीचा जो नकाशा झाला तो भास्वती मुखर्जी, घोष, रंगराजन, टंडन व वर्मा यांनी २००० साली प्रसिद्ध केला. मिलिमीटरच्या साधारण पाचव्या आणि सातव्या हिश्श्याएवढ्या दोन लहरींत, एकाच वेळी, हा नकाशा काढलेला होता. त्याने एक चौरस अंश आकाश व्यापले, म्हणजे पौर्णिमेची पाच चंद्रबिंबे शेजारी शेजारी मांडावीत एवढे. मृगाच्या ढगाचे दोन भाग आहेत. एका भागात धुळीच्या १५ गाठी सापडल्या, दुसऱ्याच्या दक्षिण भागात १४.

दोन लहरी एकाच वेळी का? तर लोहार जसा लोखंडाच्या रंगावरून त्याची ऊब सांगतो, तसे दोन लहरींच्या तेजाच्या प्रमाणावरून धुळीचे तापमान सांगता येते. तापमान कळले की तेजावरून धूळ किती आहे ते निघते, आणि धुळीच्या शंभरपट धरले की ढगाचे वजन. हे तापमान न कळता केलेले वजन म्हणजे अंदाजपंचे. तेज सारखेच असले तरी गरम धूळ थोडी असू शकते आणि थंड धूळ पुष्कळ. म्हणून सगळा हिशेब तापमानावर अडून राहतो.

त्या नकाशातली सर्वांत थंड गाठ शून्याखाली सुमारे २५८ अंशांची निघाली. इतकी थंड गाठ म्हणजे ताऱ्याच्या जन्माच्या आधीची, किंवा अगदी तान्हेपणाची अवस्था. आतला दिवा अजून नीट पेटलेला नाही, अंगावरचे दुलईचे थर तसेच आहेत. दुसरी गोष्ट अशी दिसली की, निरनिराळ्या भागांत एकंदर तेजापैकी पाव ते निम्मे तेज गाठींतून येत नव्हते. ते सगळीकडे विरळ पसरलेल्या धुळीतून येत होते. पीक फक्त ढिगाऱ्यात मोजले आणि खळ्यावर सांडलेले सोडून दिले तर निम्म्यापर्यंत हिशेब चुकावा, असा हा प्रकार.

आता कुणी विचारील, हवाई बेटावरची पंधरा मीटरची दुर्बीण असताना एक मीटरच्या आरशाची मातब्बरी काय? बारकाव्यात ती मोठी दुर्बीण निःसंशय पुढे होती. १९९७ साली तिच्यावर ‘स्कुबा’ नावाचा कॅमेरा बसला आणि तिला सहा-सात पट बारीक तपशील दिसू लागला. पण डोंगर झाला तरी त्याच्या डोक्यावर हवा उरतेच. त्या हवेतून मुख्यतः जास्त लांबीच्या लहरीच खाली येतात, मिलिमीटरचा निम्मा किंवा त्याहून अधिक. थंड धुळीचे तेज जिथे सर्वांत जास्त असते तो माथा तिथून दिसत नाही. दिसतो तो उतरणीचा पायथा. फुग्यावरची दुर्बीण थेट माथ्यापाशी पाहत होती. म्हणून एकीने बारकावा द्यावा आणि दुसरीने तापमान, असे दोघींचे काम पूरक ठरले. गरिबाचे अवजार म्हणून ते हिणवण्यासारखे नव्हते. प्रश्नाला नेमके बसणारे होते.

आता शेतकऱ्याकडे वळू. काम संपले की रेडिओच्या हुकमाने फुग्याची दोरी तोडतात आणि दुर्बीण रंगीत हवाई छत्रीला लोंबत खाली येते. कुठे येईल ते वाऱ्याच्या हाती. तेलंगण, आंध्र, उत्तर कर्नाटक, आणि आपल्या बाजूला सोलापूर, लातूर, नांदेड हे जिल्हेही तिच्या टापूत येतात. उड्डाणांचा मोसम आला की संस्थेकडून लोकांना सूचना दिली जाते. आकाशातून असे यंत्र उतरले तर घाबरू नका, त्याला हात लावू नका, उघडू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कचेरीत कळवा, कळवणाऱ्यास बक्षीस मिळेल, अशा अर्थाची ती असते. हे सूचनापत्रक वरवर किरकोळ वाटते, पण विचार करून पाहा. एक मीटरचा तो आरसा, ते तापमापक, ती यंत्रे घडवायला वर्षे गेलेली. उपग्रह एकदा गेला की गेला. फुग्यावरची दुर्बीण मात्र परत आली, दुरुस्त झाली, तर पुन्हा उडते. ही दुर्बीण पुन्हा पुन्हा उडू शकली आणि पुढे जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तिच्यावर ढगातल्या कार्बनची खूण टिपणारे नवे उपकरणही बसले, ते ती दर वेळी शाबूत हाती लागण्यावर अवलंबून होते. ज्वारीच्या किंवा तुरीच्या रानात उतरलेले चकचकीत यंत्र पाहून त्याचे भंगार न करता बांधावर बसून राखण करणाऱ्याचाही या नकाशात वाटा आहे. शोधनिबंधावर त्याचे नाव छापलेले नसते.

पुढच्या काळात हे क्षेत्र फार वाढले. २००९ साली युरोपने साडेतीन मीटरच्या आरशाची अवकाश-दुर्बीण सोडली आणि तिला हर्शेल यांचेच नाव दिले. २०१३ पर्यंत तिने थंड धुळीचे अफाट नकाशे काढले. त्यांत दिसले की ढगांतली धूळ सुतासारख्या लांब धाग्यांत गुंफलेली असते आणि तारे या धाग्यांवर मण्यांसारखे जन्मतात. चिली देशाच्या वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर ६६ ताटल्यांची ‘आल्मा’ वेधशाळा २०१३ साली रीतसर खुली झाली. ती तर जन्मत्या ताऱ्याभोवतालची धुळीची चकतीसुद्धा दाखवते. आपल्याकडे लडाखात हानले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर हवा इतकी कोरडी आहे की तिथल्या आकाशाची या लहरींच्या दृष्टीने मोजणीही झालेली आहे.

आणि चाकणवरून जी सडक वर जाते तिच्या पलीकडेही या गोष्टीचा एक धागा आहे. नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. ती धूळ पाहत नाही. धुळीच्या पोटात जन्मलेला मोठा तारा पेटला की भोवतालचा वायू तापून फुटतो आणि मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी टाकू लागतो; त्या खोडदला ऐकू येतात. या लांब लहरींना बाष्पाची बाधा नाही, म्हणून ती दुर्बीण जुन्नर तालुक्यातच उभी राहू शकली. २००६ साली सरिता विग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरुड तारकासमूहातल्या एका जन्मस्थानाचा अभ्यास छापला. त्यात थंड धुळीसाठी हैदराबादेहून उडालेल्या फुग्यावरची मापे आणि तापल्या वायूसाठी खोडदची मापे एकाच ताटात मांडली होती. एकीने पाळणा दाखवला, दुसरीने बाळाचे रडणे ऐकवले. फुग्याच्या कामातले टंडन हेही पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत आले, आणि २०१५ साली उडालेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीचे काम त्यांनी पुढाकाराने केले.

शिक्षकांना एक विनंती आहे. हर्शेल यांचा प्रयोग शाळेच्या अंगणात करता येतो. एक लोलक, तीन साधे तापमापक आणि एक खोके पुरे. तापमापकांच्या फुगीर टोकांना काळी शाई लावावी. खोक्याच्या तळाशी सावलीत सात रंगांचा पट्टा पाडावा. एक तापमापक निळ्यात, एक तांबड्यात आणि एक तांबड्याच्या बाहेर ठेवावा, आणि मुलांनाच पारा वाचू द्यावा. रंग संपला तिथे प्रकाश संपत नाही, हे पोरांना पुस्तकातून पटायला वेळ लागेल. पाऱ्यावरून पाच मिनिटांत पटेल.

मग माघातल्या एखाद्या रात्री गावाबाहेर, दिव्यांपासून दूर, त्यांना मृग दाखवावा. बाणाखालचा तो धुरकट ठिपका सापडला की सांगावे, याच्या आजूबाजूला तुम्हांला जे काळे, रिकामे आकाश दिसते ते रिकामे नाही. तिथे थंडगार धूळ आहे, तिचे तापमान आपल्या माणसांनी मोजलेले आहे, आणि उद्याचे तारे तिच्यात तयार होत आहेत.